आठ तारखेचं पान

३ फेब्रुवारी

प्रिय घाईराव,

तीन वर्षं आणि दोन महिने तुला काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफ कर. हे वाक्य मी आधी कच्च्या कागदावर चार वेळा लिहून पाहिलं. पहिल्या तिन्ही वेळा त्यात 'कामाच्या गडबडीत' असे शब्द आले. ते काढले. गडबड कसली? दर दोन तासांनी पाण्याचा नमुना घ्यायचा, तपासायचा, आकडा रजिस्टरमध्ये टाकायचा. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मधला दीड तास माणूस मोकळाच असतो. तुला पत्र लिहायला मला रोज दीड तास होता, आणि तोसुद्धा दिवसातून तीनदा.

आज लिहायचं निमित्त तुझ्या बायकोने दिलं. तिचा निरोप आला: "ताई, लेकीला शाळेतून रोज अर्धं पान लिहायला सांगितलंय. चार दिवस हौसेने लिहिलं, आता रोज रडारड. म्हणते, रोज काही होतच नाही तर लिहू काय? आत्या सव्वीस वर्षं लिहितेय, तिला कंटाळा येत नाही का विचार. तुम्ही काही सांगाल का? ह्यांना बोलले नाही."

शेवटचे तीन शब्द मला टोचले. तुझ्या मुलीला काही शिकवायचं आणि ते तुझ्या पाठीमागून, हे बरं नव्हे. म्हणून पत्र तुझ्या नावाने. बायकोवर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर हक्काचं माणूस आहेच.

तर पोरीला सांग, आत्याला कंटाळा येतो. बक्कळ येतो. म्हणून आत्याने वेळ ठरवून टाकली आहे. साडेपाचला कामावरून आले की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते, चहा ओतते आणि तो निवेपर्यंत लिहिते. चहा संपला की वही बंद, वाक्य अर्धं असलं तरी. अर्धं वाक्य राहिलं की दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची हा प्रश्न सुटतो.

'रोज काही होत नाही' हे तिचं म्हणणं खरं आहे, पण ते मोठ्या गोष्टींपुरतं. तिला म्हणावं, काल नव्हती अशी एक गोष्ट शोध. एकच. आज माझ्या वहीत आहे: आईने काठी डाव्या हातात धरली, कारण उजव्या हातात पत्र्याचा डबा होता, आणि दाराची कडी तिने कोपराने काढली. बस्स. त्यापुढे मला काय वाटलं ते मी लिहिलं नाही. पूर्वी लिहायचे. कॉलेजातल्या पहिल्या वहीत 'मन उदास' इतक्यांदा आलंय की वाचणाऱ्याला वाटावं, घरातलं कोणीतरी गेलं होतं. गेलं कोणी नव्हतं, सायकलची चेन पडायची.

आणि वाईट लिहायला घाबरू नको म्हणावं. चांगलं लिहिणाऱ्याला रोज लिहिणं जमत नाही, रोज लिहिणाऱ्याला कधीमधी चांगलं जमतं.

एक शेवटचं. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी आठवून ते पान भरून काढायचं. एकदा रिकामं पान पडलं की दुसरं पडतं, आणि मग वहीच पडून राहते.

आई ठीक आहे. त्या दिवसाबद्दल मी इथे काही लिहीत नाही. हे पत्र पोरीसाठी आहे.

ताई

९ फेब्रुवारी

प्रिय घाईराव,

आधीचं पत्र टाकलं नाही. पाकिटावर पत्ता घालून झाला, तिकीट लावून झालं, आणि ते पर्समध्येच फिरतंय. त्यात मी पोरीला एक चूक गोष्ट सांगितली आहे. कोणती, ते सांगायला तुला आमच्याकडच्या पंपवाल्या काकांबद्दल सांगावं लागेल.

काका तीस वर्षं पंपावर होते. गुडघे गेले म्हणून निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षात त्यांना प्रयोगशाळेत बसवलंय. माणूस चांगला, तोंड गोड, पण बाटल्यांशी वैर. आज मी आठचं रीडिंग घेऊन मीटिंगला गेले. साडेबाराला परत येते तर दहाच्या रकान्यात आकडा हजर. आणि तो आठच्या आणि बाराच्या बरोबर मधला. पाणी इतकं शहाणं नसतं.

"काका, दहाचा नमुना घेतलात?"

"घेतला की."

"बाटली?"

"धुतली."

"कोरडी ठणठणीत आहे."

"मॅडम, तुम्ही इथे फुकट गेलात. पोलिसात जायला हवं होतं."

मी कोरडी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. काका म्हणाले, "अहो, आठला एवढं, बाराला तेवढं, तर दहाला मधलंच असणार ना? पाणी काय मध्येच उठून नाचणार आहे?"

"नाचतं कधीकधी. म्हणूनच दहाला बघायचं असतं."

"मग आता?"

"तुम्ही कोरं सोडायला हवं होतं. भरलंय, तर आता काट मारा. एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला लिहा, 'नमुना घेतला नाही.' आजची तारीख, तुमची सही. आणि शेजारी दुसरी सही, ज्याने पाहिलं त्याची. ती मी करते."

"म्हणजे उद्या जो कोणी रजिस्टर उघडणार त्याला माझी चूक दिसणार."

"त्यासाठीच काका."

त्यांनी रेघ इतकी हळू ओढली, जणू स्वतःच्या हातावर ओढताहेत. मग पेनचं टोपण लावत म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणे घरीपण रोज लिहिता. तिथेपण हाच कायदा?"

"हाच," मी म्हटलं.

घाईराव, तो 'हाच' दिवसभर डोक्यातून जाईना. कारण तिथे हा कायदा नाही. कधीच नव्हता. मी कितीतरी आठवड्यांची पानं रविवारी बसून भरली आहेत, प्रत्येक पानावर त्या त्या दिवसाची तारीख घालून, 'आज' असं लिहून. मला त्यात कधी काही वाटलं नाही. उलट वाटायचं, बघा, एकही पान रिकामं नाही.

घरी आले, चहा केला, आणि माळ्यावरून तीन वर्षांपूर्वीची वही काढली. ती मी त्या दिवसानंतर उघडली नव्हती.

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण आता लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते माझ्या तोंडून क्रमाने ऐकायचं आहे. नोव्हेंबरच्या पाच तारखेला आईला चक्कर आली, सात तारखेला पुन्हा आली. दहा तारखेला ती धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीच्या पायऱ्यांवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. वीस तारखेला तिला घरी आणलं आणि बावीसला सगळे बघायला जमले. मामा म्हणाले, "चकरा येत होत्या तर कोणाला माहीत नव्हतं का?" मी म्हटलं, मला होतं, आणि मी घाईरावला आठ तारखेलाच सांगितलं होतं. तू म्हणालास, "मला? मला कोणी नाही सांगितलं." मी आत गेले आणि वही घेऊन आले. सगळ्यांसमोर वाचलं.

आज पुन्हा वाचलं. जसंच्या तसं उतरवते:

'८ नोव्हेंबर. आज संध्याकाळी घाईरावला फोन केला. आईला दोनदा चक्कर आली हे सांगितलं. म्हणाला, शनिवारी येऊन डॉक्टरकडे नेतो. नेहमीप्रमाणे घाईत होता.'

सव्वीस वर्षांत मी लिहिण्याबद्दल एक गोष्ट शिकले असेन, तर ती ही की 'नेहमीप्रमाणे' हा शब्द आला की समजावं, लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही. पाहिलेलं असतं तेव्हा माणूस लिहितो की मागून ड्रिलचा आवाज येत होता, किंवा तू काहीतरी चावत बोलत होतास. त्या पानावर असं काहीच नाही.

आणि चार तारखेपासून तेरा तारखेपर्यंतची दहाही पानं एकाच पेनाने लिहिली आहेत. अक्षराचा कलही एक. बाकीच्या वहीत चहाचे डाग आहेत, अर्धी वाक्यं आहेत. या दहा पानांवर काही नाही. काकांच्या दहाच्या आकड्यासारखी स्वच्छ पानं.

ती मी तेरा तारखेला लिहिली. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, एका बैठकीत. आई पडल्यावर.

पोरीला आधीच्या पत्रातलं शेवटचं सांगू नकोस. राहिलेलं पान कोरं सोडायचं.

ताई

१० फेब्रुवारी

घाईराव,

काल लिहिताना मी एक पळवाट उघडी ठेवली होती. नंतर लिहिलं म्हणून खोटंच असेल असं कुठे आहे? फोन खरोखर केलेला असू शकतो. रात्रभर या पळवाटेने आत-बाहेर केलं.

आज त्या वहीच्या मागच्या कव्हरच्या खिशात फोन-दुरुस्तीची चिठ्ठी सापडली. माझा फोन सहा तारखेला नमुन्याच्या टाकीत पडला होता. चिठ्ठीवर लिहिलंय: जमा, सहा. परत, अकरा. आठ तारखेला माझ्याकडे फोनच नव्हता.

शेजारच्यांकडून केला असेल? तुझा नंबर मला आजही पाठ नाही.

मी तुला फोन केला नाही.

लिहून झालं. पाच शब्दांना तीन वर्षं लागली.

करायचा मात्र ठरवला होता, हे नक्की आठवतं. आई म्हणाली होती, "त्याला कशाला सांगतेस, तो नव्या कामात आहे." आणि मला ते बरं वाटलं होतं. बरं का वाटलं, हे मी स्वतःला आज विचारलं. आईचं सगळं मीच बघते, मलाच कळतं, ही माझी मिजास होती. मग ती पडली आणि कॉरिडॉरमध्ये मी वही उघडली. तिथे बसून मी खोटं लिहीत होते का? नाही. मी आठवत होते, आणि जे करायला हवं होतं ते मला केल्यासारखं आठवलं. खोटं बोलणाऱ्याला निदान ठाऊक असतं. मला वाटलं, मी नोंद करतेय.

की आठ तारखेला फोन दुरुस्तीला होता हे मला तेव्हा आठवायचंच नव्हतं? माहीत नाही. इथे अंदाज भरत नाही.

तू त्या दिवशी तुझा फोन पुढे केला होतास. "बघा, आठ तारखेला हिचा फोन आहे का ते." कोणी बघितलं नाही. कारण मी म्हटलं, "फोनमधलं पुसता येतं. वहीतलं पुसता येत नाही." किती चपखल वाक्य. त्या दिवशी संध्याकाळी मी ते वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

मग आई पलंगावरून म्हणाली, "तुला कळलं होतं आणि तू आला नाहीस." तू बूट घातलेस, नाड्या बांधल्या नाहीस. दारात म्हणालास, "माझ्याकडे वही नाही ना, म्हणून." नाड्या जिन्यावर आपटत गेल्या, तो आवाज मला आठवतो. तो मात्र मी कधीच लिहिला नव्हता.

सहा महिन्यांत तू नऊ तासांच्या अंतरावर राहायला गेलास.

ताई

१७ फेब्रुवारी

प्रिय घाईराव,

काल आईला सांगितलं. टेबलाशी बसून ती वाटाणे सोलत होती. मी आधी चिठ्ठी ठेवली, मग वही ठेवली, मग सांगितलं. सांगताना माझा आवाज रीडिंग सांगताना असतो तसा झाला, सपाट. ती सोलत राहिली. सोलायच्या शेंगा संपल्या तरी रिकामी टरफलं चाचपत होती.

"म्हणजे त्याला माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"मग तो खरं बोलत होता."

"हो."

"मग मी तीन वर्षं कोणावर रागावले होते?"

मी म्हटलं, "आई, माझं चुकलं."

"ते कळलं. एकदाच सांग, घोळवू नको." मग काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "तू वाचलंस तेव्हा खोलीत किती जण होते?"

"तो सोडून सहा."

"मग त्या सहा जणांना बोलाव."

"आई, मी फोन करून सांगते ना एकेकाला."

"त्याला काय एकट्याला गाठून म्हटलं होतं का? भर खोलीत म्हटलं होतं. मी पलंगावर होते, आज खुर्चीवर बसेन, एवढाच फरक."

तर आज दुपारी सगळे आले. मामा, मामी, मावशी, मावशीचे यजमान, आई आणि वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका, ज्या त्या दिवशी योगायोगाने विचारपूस करायला आल्या होत्या आणि आज योगायोग नसतानाही आल्या. मी उभी राहून आठ तारखेचं पान वाचलं. मग चिठ्ठी वाचली. मग म्हटलं, मी फोन केला नव्हता, हे पान मी आई पडल्यावर लिहिलं, तो खरं बोलत होता.

मामा म्हणाले, "झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार?"

आई म्हणाली, "दादा, तेव्हा तूच उकरलं होतंस."

मावशी म्हणाली, "मला तर तेव्हाच वाटलं होतं हो, पोरगा खोटं बोलणार नाही."

"तुला काही वाटलं नव्हतं," आई म्हणाली. "तू चहात साखर कमी आहे म्हणत होतीस."

शिक्षिकाबाई जाताना माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "मी त्या दिवशी तुमच्या वहीवर विश्वास ठेवला. माणसावर ठेवायला हवा होता असं नाही म्हणत. पण दोघांनाही ऐकलं असतं तर बरं होतं." घाईराव, या बाईंना मी तुझ्याबद्दल एवढं काही सांगून ठेवलं होतं, आणि त्यांनी तुला एकदाच, बूट घालताना पाहिलेलं.

सगळे गेल्यावर मी आठ तारखेच्या पानावर काट मारली. एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, 'फोन केला नाही.' आजची तारीख, माझी सही. दुसऱ्या सहीची जागा सोडली. आई म्हणाली, "आण, मी करते." मग पेन हातात घेऊन थांबली आणि परत दिलं. "मी कसली साक्षीदार? मी ऐकून विश्वास ठेवला. ज्याला ठाऊक होतं, त्याची जागा आहे ती."

ती जागा तुझी. तू ती भर असं मी म्हणत नाही. मोकळी आहे, एवढंच कळवते.

उद्या सकाळी चारही पत्रं एकत्र टाकीन. पहिलं बदलून लिहावं असा मोह झाला होता. त्यात मी फार शहाणी दिसते. पण बदललं तर पुन्हा तेच होईल.

ताई

६ मार्च

प्रिय घाईराव,

आज तुझं पाकीट आलं. पत्र नव्हतं त्यात. तू काचा बसवायला जायचास त्या काचेच्या दुकानाची, मालाची यादी लिहायची चिठ्ठी होती, घडीवर घडी घालून मऊ झालेली, आणि तिच्या पाठीवर तुझं अक्षर. ते मी साडेपाचला, चहा समोर ठेवून, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. पुन्हा इथे उतरवते, कारण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे:

'आज २२ नोव्हेंबर. आईच्या घराखाली गाडीत बसलोय. ८ तारखेचं आठवतंय तेवढं लिहितो. सकाळी आठला शाळेवर. तिसऱ्या मजल्याच्या काचा. अकरा बसवल्या, बारावी तडकली. जोडीदाराच्या अंगठ्याला लागलं, टाके तीन. त्याला घरी सोडलं. साडेसातला घरी. लेकीला ताप, आम्ही दोघं जागे. फोन आला नाही. ताईचा नाही, कोणाचाच नाही. शनिवारी मी काय करत होतो ते आठवत नाही.'

आईने विचारलं, "अंगठा बरा झाला का त्या माणसाचा?" तीन वर्षांनी. मी म्हटलं, विचारते.

तू म्हणायचास, "मला लिहिता येत नाही, तू आहेस ना आपलं घरचं रजिस्टर." घाईराव, मी सव्वीस वर्षं रोज लिहिते आणि माझ्या त्या चार ओळींत एकही काच नाही, एकही टाका नाही. तुला जे ठाऊक होतं ते तू लिहिलंस आणि आठवत नव्हतं तिथे 'आठवत नाही' लिहिलंस. माझ्याकडे सवय होती. सवयीने हात चालता राहतो, हे मी नाकारत नाही. तेवढ्यासाठी पोरीने रोज लिहावंच. पण रोज लिहिणाऱ्याचं एक होतं. लोक त्याचं खरं धरायला लागतात, आणि मग तोही धरायला लागतो. खोलीत सहा जणांनी माझं ऐकलं ते मी खरी होते म्हणून नव्हे. माझ्याकडे वह्यांचा ढीग होता म्हणून.

चिठ्ठीच्या तळाशी नव्या शाईत तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. पहिली: 'पोरगी विचारते, दिवस राहिला तर काय करायचं. तुझ्या एका पत्रात भरून काढ आहे, दुसऱ्यात कोरं सोड. नक्की काय सांगू?'

मी यावर दोन कप चहा घालवले. मग तुझी पहिली ओळ पुन्हा वाचली. 'आज २२ नोव्हेंबर.' तूही नंतरच लिहिलंस, चौदा दिवसांनी, माझ्याहून उशिरा. पण वर लिहिण्याच्या दिवसाची तारीख घातलीस आणि म्हणालास, आठवतंय तेवढं. मी आठ तारीख घातली आणि म्हटलं, 'आज'. माझी सगळी चूक त्या एका शब्दात आहे.

तर तिला सांग: राहिलेल्या दिवसाचं पान कोरं सोडायचं. त्यातलं काही आठवलं तर आजच्या पानावर, आजच्या तारखेखाली, 'आठवतंय' असं म्हणून लिहायचं. हे आत्याने नाही शोधलं, बाबाच्या चिठ्ठीत होतं.

आणि लिहिलेलं सुधारायचं कसं, हे तिने विचारलं नाही, तरी सांग. जो तिथे होता त्याला वाचून दाखवायचं. तो म्हणाला, "असं नव्हतं," तर वही मिटायची आणि आधी त्याचं ऐकायचं. मला असा वाचक एकदाच मिळाला होता. मी त्याच्यापुढे वही नाचवली.

दुसरी गोष्ट तू लिहिलीस ती सहीची. 'पत्रातून सही होत नाही. पाहिल्याशिवाय सही करायची नसते, तुमच्यातलाच कायदा आहे ना?'

हे मी आईला वाचून दाखवलं. मला कळेना की हा टोमणा आहे की बोलावणं. दोन्ही असेल. तुझ्या बाबतीत मी यापुढे अंदाज लिहिणार नाही. आईला मात्र काही शंका नव्हती. तिने काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "त्याच्या घराला पायऱ्या किती आहेत ते विचार. आणि कठडा कुठल्या बाजूला आहे, तेही."

विचारते आहे. पायऱ्या किती? कठडा कुठल्या बाजूला? जोडीदाराचा अंगठा कसा आहे? उत्तर आलं की गाडी ठरवते. नाही आलं तर ती जागा मोकळी राहील, आणि तसं झालं तर मी ती भरणार नाही.

चहा निवला. उद्याचं एकच काम लिहून ठेवते.

उद्या: त्या वर्षाची वही माळ्यावर परत न ठेवता प्रवासाच्या पिशवीत घालणे.

ताई